शेवटच्या पंगतीला बसणारा माणूस (सेवा आणि नेतृत्व, जरा सोप्या भाषेत)

पहिल्यांदा वारीला गेले ती आत्याच्या दिंडीतून. खरं सांगायचं तर भक्तीबिक्ती फार नव्हती, आठ दिवस सुट्टी शिल्लक होती आणि आत्या म्हणाली चल की, तर गेले. आमची दिंडी छोटी, दीड-दोनशे माणसं, सामानाचे दोन ट्रक आणि भाड्याने घेतलेला एक पाण्याचा टँकर, बास. दिंडी चालवायचे तात्या. वय पासष्टच्या पुढे, आवाज फाटका, कानाला मफलर, हातात एक वही जिच्यात सगळा हिशोब, आणि स्वभाव म्हणाल तर अजिबात गोड नाही.

नातेपुत्याच्या मुक्कामाला पहाटे तीनची गोष्ट. टँकरपाशी बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात बादली, अंधार, पायाखाली चिखल. तेवढ्यात एक गृहस्थ थेट पुढे आले आणि नळाखाली बादली लावली. हे कोण तर आदल्या दिवशीची अख्खी पंगत ज्यांच्या पैशातून झाली ते देणगीदार. कोणी काही बोलेना. तात्या मागे पाइप गुंडाळत होते, तिथूनच म्हणाले, "शेठ, बादली उचला. रांग तिकडून आहे." आणि शेठ मुकाट्याने रांगेत मागे जाऊन उभे राहिले हो! ना वाद, ना "मला ओळखत नाही का". मी बघतच राहिले, कारण तेव्हा मी ऑफिसात नुकतीच टीम लीड झालेले, नावापुढे पद होतं, पण मीटिंगमध्ये प्रश्न विचारला तर समोरचे म्युट काढायचीसुद्धा तसदी घ्यायचे नाहीत.

तर हा लेख त्यावर आहे. माणसं कोणाचं ऐकतात आणि का ऐकतात. आणि यात "सेवा" नावाची गोष्ट नक्की काय काम करते, कारण भाषणात हा शब्द इतका वापरून गुळगुळीत झालाय की "जनतेचा सेवक" म्हटलं की आपण आपोआप दुसरीकडे बघायला लागतो.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. सेवा करणारा नेता म्हणजे नम्र, मऊ, सगळ्यांना हो म्हणणारा माणूस असं आपल्याला वाटतं. तात्या तसे नव्हतेच. आचाऱ्याला ओरडायचे, उशीर करणाऱ्याला सोडून पुढे जायचे, एकदा तर दोन तरुण पोरांना गुटखा थुंकले म्हणून तंबूभोवतीची सगळी जागा झाडायला लावली. तरी पोरांनी झाडली! म्हणजे मऊपणाचा इथे संबंध नाही. उलट मला वाटतं सेवा ही अशी गोष्ट आहे जिच्यामुळे माणसाला कडक वागायचा हक्क मिळतो. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे, बाकी त्याचा पसारा.

हा हक्क मिळतो कसा ते बघू. तात्या रोज शेवटच्या पंगतीला बसायचे, ड्रायव्हर आणि वाढप्यांबरोबर. मला आधी वाटलं असेल काहीतरी व्रत वगैरे. मग एकदा मीही उशिरा जेवले त्यांच्याच पंगतीत. दिंडीत जेवलेल्या माणसाला माहितीये, पहिल्या पंगतीला आमटी दाट असते, दुसऱ्या पंगतीला बरी असते, आणि तिसऱ्या पंगतीपर्यंत आचाऱ्याने तिच्यात इतकं पाणी ओतलेलं असतं की डाळ शोधावी लागते. तात्यांनी एक घोट घेतला, आचाऱ्याला हाक मारली, म्हणाले उद्यापासून तीन किलो डाळ जास्त. झालं, मीटिंग संपली.

आता हेच तात्या पहिल्या पंगतीला बसले असते तर? कोणीतरी येऊन सांगितलं असतं, "तात्या, सगळ्यांची जेवणं झाली." आणि हे खरंच असतं हो, झालीच होती जेवणं! खोटं कोणीच बोललं नसतं. पण बातमी वर जाताना तिची आमटी दाट होत जाते. खालच्याला पाणी दिसतं, मधल्याला बरी दिसते, वरच्यापर्यंत पोचते तेव्हा नुसतं तूप. हे दिंडीत होतं, कंपनीत होतं, सरकारात होतं, सोसायटीच्या कमिटीतही होतं. त्यावर उपाय म्हणून लोक फीडबॅक फॉर्म काढतात, सर्व्हे करतात, डॅशबोर्ड बनवतात, करा बापडे, पण शेवटच्या पंगतीला बसणाऱ्याला डॅशबोर्ड लागत नाही, त्याच्या ताटातच सगळं येतं. म्हणजे सेवेचा पहिला फायदा पुण्य वगैरे नाही, खरी माहिती आहे. रोकडा व्यवहार.

मॅनेजमेंटच्या लोकांनी याला "सर्व्हंट लीडरशिप" असं नाव दिलंय. नाव रॉबर्ट ग्रीनलीफ नावाच्या अमेरिकन माणसाचं. हा काही साधूसंत नव्हता, एटी अँड टी या प्रचंड मोठ्या टेलिफोन कंपनीत अडतीस वर्षं नोकरी केलेला माणूस, १९६४ ला रिटायर झाला आणि १९७० मध्ये एक निबंध लिहिला ज्यातून हा शब्द सगळीकडे गेला. गंमत म्हणजे त्याला कल्पना सुचली ती एका जर्मन कादंबरीतल्या नोकरावरून. काही लोक प्रवासाला निघालेत, बरोबर एक नोकर आहे, तो सामान उचलतो, बारीकसारीक कामं करतो, गाणं म्हणून सगळ्यांना खूश ठेवतो. एक दिवस तो गायब होतो आणि अख्खा तांडा फुटतो. पुढे कळतं की ज्या मंडळाने हा प्रवास ठरवला त्याचा प्रमुख तोच होता. ग्रीनलीफचं म्हणणं असं की आधी सेवा करावीशी वाटते आणि मग त्यातून नेतृत्व करावंसं वाटतं असा माणूस वेगळा, आणि आधी खुर्ची हवी असते आणि मग जमलं तर सेवा असा माणूस वेगळा. दोघं वरून सारखे दिसू शकतात. ओळखायचं कसं, तर त्यानं एक कसोटी दिली, ती पुढे सांगते, कारण ती वाटते तितकी सोपी नाही.

मला मात्र हे वाचल्यावर (वारीनंतर वाचलं, आधी नाही) वाटलं की हे तर आपण दरवर्षी बघतो.

माउलींच्या पालखीची समाजआरती बघितलीये का? नसेल तर यूट्यूबवर तरी बघा. संध्याकाळी पालखी तळावर येते, दिंड्या भोवती गोल करून उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजतायत, शेजारचा काय बोलतोय ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप (म्हणजे मानाचा दंड) वर करतात आणि मोठ्यांदा हाळी देतात, आणि एका क्षणात सगळं शांत. अक्षरशः अंगावर काटा येतो. मी हे लोकांना सांगते तेव्हा सगळे म्हणतात वा काय शिस्त, काय अधिकार. पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. सगळे शांत झाले तरी एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. तो उद्धटपणा नाही, ती तक्रारीची पद्धत आहे! ज्या दिंडीची काही अडचण आहे, पाणी मिळालं नाही, जागा मिळाली नाही, कोणाशी वाद झाला, ती दिंडी टाळ थांबवत नाही. मग चोपदार स्वतः चालत त्या दिंडीपाशी जातात, काय झालंय ते ऐकतात, मार्ग काढतात, आणि मगच ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याच्या वस्तूंची यादी, उद्या कधी निघायचं ती वेळ, आणि आरती.

जरा विचार करा यात काय आहे. लाखांच्या जमावाला गप्प करायची ताकद ज्याच्या हातात आहे, त्याच्यासमोर गप्प न राहायचा हक्क कोणत्याही दिंडीला आहे, आणि तो वापरला तर ताकदवाल्याने उठून तिथं जायचंय, तक्रारवाल्याने त्याच्या केबिनबाहेर ताटकळायचं नाहीये. चोप वर गेल्यावर लोक गप्प होतात कारण त्यांना माहितीये की आपले टाळ वाजत राहिले तर हा माणूस येणार आहे. ऐकून घेतलं जातं म्हणून ऐकलं जातं. माझ्या ऑफिसात एवढं एक जरी आलं असतं तरी एचआरचं निम्मं काम वाचलं असतं.

ही सगळी घडी बसवली ती हैबतबाबा आरफळकरांनी, १८३२ च्या सुमारास. मूळ साताऱ्याकडच्या आरफळचे, शिंद्यांच्या पदरी सरदार. म्हणजे लष्करी माणूस. दिंड्यांचे क्रम, कोण रथापुढे कोण मागे, मुक्काम, वेळा, हे सगळं त्या शिस्तीतून आलंय, आजही रथापुढे सत्तावीस दिंड्या ठरलेल्या जागी चालतात. आणि या माणसाचं आळंदीतलं ठिकाण कुठे, तर देवळाच्या महाद्वारातली पायरी. सरदाराची पायरी झाली, आणि पालखी सोहळ्याचे मालक म्हणून मान आजही त्यांच्याच घराण्याकडे. दोन्ही एकदम. मला हे फार आवडतं.

लष्कराचा विषय निघालाय तर सांगून टाकते. डेहराडूनच्या मिलिटरी अकादमीचं उद्घाटन १९३२ मध्ये झालं तेव्हा त्या वेळचे सरसेनापती चेटवूड यांनी जे सांगितलं ते आजही तिथल्या प्रत्येक कॅडेटला पाठ असतं. मतलब असा की आधी देश, मग तुमच्या हाताखालची माणसं, आणि तुमची स्वतःची सोय, आराम, सुरक्षितता सगळ्यात शेवटी, नेहमी आणि प्रत्येक वेळी. आपल्या खडकवासल्याच्या एनडीएचं ब्रीदही "सेवा परमो धर्मः". बघा, जिथं हुकूम न पाळल्यास शिक्षा आहे, जिथं खांद्यावरच्या चांदण्या बघून सॅल्यूट ठोकावा लागतो, तिथंसुद्धा त्यांना हे सांगावंसं वाटलं. कारण हुकमाने माणूस परेडला उभा राहतो, पण गोळीबारात पुढे पळेल की नाही हे हुकमावर ठरत नाही.

आता कडक वागायच्या हक्काकडे परत येते, कारण त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण गाडगेबाबा.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. शाळेचं तोंड न बघितलेला माणूस. डोक्यावर गाडग्याचं खापर, अंगावर चिंध्या, हातात खराटा. गावात शिरायचे आणि कोणाला काही न सांगता झाडायला सुरुवात करायचे, गटारं, रस्ते, देवळापुढची घाण, सगळं. लोक जमायचे, कोण हा वेडा. काम केल्याशिवाय भाकरी घ्यायची नाही हा नियम. आणि संध्याकाळी त्याच गावात कीर्तन.

बाबांचं कीर्तन म्हणजे गोड गोड नाही, वऱ्हाडीत थेट प्रश्न. कर्ज काढून देवाला बोकड कापता? पोराला शाळेत का घालत नाही? दारू पिता? शिवाशिव पाळता? हे सगळं गावकऱ्यांच्या तोंडावर, पाटलासावकारासमोर, आणि लोक हसायचे, रडायचे, ऐकायचे. "गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला" म्हणत डोलायचे. आता हेच शब्द दुसऱ्या कोणी, म्हणजे समजा शहरातून आलेल्या एखाद्या शिकलेल्या माणसानं गाडीतून उतरून सांगितले असते तर गावानं त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं. बाबांना कोणी परत पाठवू शकत नव्हतं, कारण सकाळी आपल्या दारापुढचं गटार त्याच माणसानं काढलेलं सगळ्यांनी बघितलं होतं. सकाळचा खराटा ही संध्याकाळच्या शिव्यांची आगाऊ भरलेली फी होती, असं म्हटलं तर चालेल.

आणि दुसरं म्हणजे मधल्या मधे स्वतःसाठी काही नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, कुठे कुठे धर्मशाळा बांधल्या, पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. लाखोंचा पैसा हातातून गेला आणि हाताला चिकटला नाही. लोक हे बघत असतात बरं का. नेत्याने काय काम केलं हे लोक विसरतील एक वेळ, पण त्याने त्यातून काय घेतलं ते कधी विसरत नाहीत.

बाबा गेले १९५६ ला. पुढे २०००-०१ मध्ये राज्य सरकारनं ग्रामस्वच्छता अभियान काढलं ते त्यांच्याच नावानं, आणि त्यात गावांनी स्वतः खराटे हातात घेऊन गावं झाडली. (त्याच काळापासून खराट्याबरोबर फोटो काढायची पद्धतही जोरात आली, आधी स्वच्छ जागेवर चार पानं टाकायची, मग साहेबांनी ती झाडायची. असो.)

फोटोवरून आठवलं, सेवा बिघडते कशी तेही सांगायला पाहिजे, नाहीतर हे सगळं फारच सोवळं वाटेल. फोटोवाली सेवा तर सगळ्यांना ओळखू येते, तिचा धोका फार नाही. खरा धोका प्रामाणिक माणसाच्या सेवेचा, आणि तो मी स्वतः ओढवून घेतलाय. वारीवरून परत आले, भारावलेली, आणि ठरवलं आता टीमची सेवा करायची. कोणाचं काम अडलं की मी करून द्यायचे. रात्री अकराला कोणी मेसेज टाकला की बसले लॅपटॉप उघडून. दोन महिने सगळे खूश. मग लक्षात आलं की नवीन मुलगा आधी निदान प्रयत्न तरी करायचा, आता एरर दिसली की थेट मला पाठवतो, आणि मी एक दिवस तापाने आजारी पडले तर अख्खं काम ठप्प. मी टीमची सेवा नव्हते करत, टीमला पांगळं करत होते, आणि आतून मला ते आवडतही होतं, माझ्यावाचून अडतंय ही भावना फार गोड असते.

इथं ग्रीनलीफची कसोटी येते. तो विचारतो, ज्यांची सेवा केली ती माणसं वाढली का? जास्त शहाणी, जास्त मोकळी, स्वतःच्या पायावर उभी राहिली का, आणि पुढे तीही दुसऱ्याची सेवा करतील असं दिसतं का? आणि समाजातल्या सगळ्यात मागे राहिलेल्या माणसाचं काय झालं? किती राबलात हा प्रश्नच नाहीये. मी तर राबण्यात पहिली आले असते आणि या पेपरात नापास.

यात पास झालेला माणूस बघायचा तर कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात आले, धनिणीच्या बागेत वसतिगृह, सगळ्या जातीची पोरं एकाच पंगतीला. त्या काळात! आणि पोरांना नुसतं फुकट जेवू नाही घातलं. "कमवा आणि शिका". शेतात राबा, खडी फोडा, स्वतःचा स्वयंपाक करा, आणि शिका. "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद" हे ब्रीदवाक्य आणि चिन्ह वडाचं झाड. वडाचं का, तर त्याच्या पारंब्या जमिनीत जाऊन त्यांचीच खोडं होतात. शिकलेली पोरं पुढे रयतच्याच शाळांत मास्तर झाली, नव्या गावात नवी शाळा काढायला गेली. दया केली असती तर पोरं आयुष्यभर उपकाराखाली राहिली असती, काम दिलं म्हणून ताठ राहिली.

पण थांबा, या गोष्टीतलं एक पान आपण पटकन उलटतो. वसतिगृहात पोरांना खायला नव्हतं तेव्हा दागिने कोणी मोडले, मंगळसूत्रसुद्धा? लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीनं. सोवळ्यातल्या जैन घरातली बाई, सगळ्या जातींच्या पोरांना स्वतः रांधून वाढत होती. रयतवाले त्यांना रयतमाउली म्हणतात, मान आहेच, पण नेतृत्वावर भाषण असतं तेव्हा नाव कोणाचं येतं? सेवा वाटून घेताना बायकांच्या वाट्याला येते आणि नेतृत्व वाटताना पुरुषांच्या, हे आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की खटकतही नाही. म्हणून "सेवा करा, सेवा करा" असं कोणी वरून खाली सांगायला लागलं की मी आधी बघते सांगणारा कुठल्या पंगतीला बसलाय. बॉस म्हणतो आपली कंपनी म्हणजे फॅमिली, शनिवारी या, तर तो स्वतः शनिवारी येतो का? वरच्याने खालच्यासाठी करायची ती सेवा. खालच्याकडून फुकट करून घ्यायची त्याला मराठीत जुना शब्द आहे, वेठबिगार.

तात्यांचं सांगायचं राहिलं. यंदा त्यांचा गुडघा गेला, डॉक्टरांनी चालायला बंदी केली. आम्हाला वाटलं दिंडीचं आता अवघड आहे. पण निघाली दिंडी वेळेवर. वही आता गुटखा थुंकणाऱ्या त्या दोन पोरांपैकी एकाकडे होती, टँकरचा पाइप दुसरा गुंडाळत होता, आणि वाढप्यांची जबाबदारी आत्याने परस्पर माझ्या गळ्यात घातली. नातेपुत्याला रात्री सगळं आवरल्यावर मी मोठ्या ऐटीत तात्यांना फोन लावला, म्हटलं तात्या काळजी करू नका, सगळं झकास चाललंय, सगळ्यांची जेवणं झाली.

तिकडून तात्यांनी एकच विचारलं, "शेवटच्या पंगतीला आमटी कशी होती?"

मला माहीत नव्हतं. मी पहिल्या पंगतीला जेवून घेतलं होतं.